योइकबद्दलची ती पोस्ट पुढे पाठवण्याआधी

युरोपच्या उत्तर टोकाला राहणाऱ्या सामी लोकांच्या योइक या गाण्याबद्दल एक पोस्ट सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरते आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं: योइक हा शामनांचा, म्हणजे देवऋषींचा, हजारो वर्षांचा मंत्र आहे, त्याला शब्द नसतात, चर्चने तो पार संपवला होता, ‘फ्रोझन’ सिनेमाने त्याला जीवदान दिलं, आणि त्या सिनेमाच्या सुरुवातीला ऐकू येतो तोच अस्सल प्राचीन योइक. लिहिणाऱ्याला योइक मनापासून आवडलाय, हे दिसतं. पण यातलं जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचं आहे. शिवाय ज्यांचं हे गाणं, ती माणसंच या पोस्टमधून नाहीशी झाली आहेत.

आधी मंत्राचं बघू. सामींचे नोआइदी, म्हणजे त्यांच्यातले शामन, ढोल वाजवताना योइक गात, हे खरं. पण तेवढ्यावरून सगळा योइक मंत्र ठरत नाही. आपली ओवी देवापुढेही गातात आणि जात्यावरही, तसंच हे. योइक असतो आजोबांचा, मैत्रिणीचा, घरात नुकत्याच आलेल्या बाळाचा. लांडग्याचा, रेनडियरचा, एखाद्या डोंगराचाही असतो. तो बांधणारा कुणीही असो, ज्याच्यावर बांधला त्याच्या मालकीचा मानतात. स्वतःचाच योइक चारचौघांत गाणं म्हणजे बढाई मारणं समजलं जातं. चाल छोटी असते. ती अचानक सुरू होते, फिरून फिरून येते आणि मध्येच थांबते. त्या माणसाची चालण्याची ढब, त्याचा तापट किंवा शांत स्वभाव लयीतून ओळखू यावा, अशी ऐकणाऱ्यांची अपेक्षा असते. पूर्वापार हे सगळं नुसत्या गळ्यावर चालत आलं आहे. रशियातल्या तुवा प्रांताच्या कंठगायनाशी त्याची गल्लत करू नये, ते तंत्रच निराळं आहे.

शब्द नसतात, हेही खरं नाही. ‘लो-लो’, ‘ला-ला’, ‘नु-नु’ असे नुसते स्वर पुष्कळ असतात आणि मधूनच दोनचार शब्द येतात. गावातल्या माणसाला तेवढ्यावरून कळतं की कुणाची आठवण निघाली आहे. पण चांगली लांब, रचलेली गाणीही आहेत, आणि त्यांचा छापील पुरावा १६७३ सालचा आहे! ओलाउस सिर्मा या सामी विद्यार्थ्याने दोन गाण्यांचे शब्द दिले आणि योहानेस शेफेरुस या विद्वानाने ते आपल्या ‘लॅपोनिया’ या लॅटिन ग्रंथात छापले. दोन्ही प्रेमगीतं. एकात तरुण आपल्या रेनडियरची विनवणी करतो, की वाट लांबची आहे, जरा पाय उचल, मला तिच्याकडे पोचायचं आहे. ही गाणी पुढे युरोपभर भाषांतरित झाली. अमेरिकन कवी लाँगफेलोच्या एका प्रसिद्ध कवितेतलं पालुपद यांच्यातूनच आलं. ‘शब्द नसलेला मंत्र’ म्हटलं की हा सिर्मा पुसला जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

चर्चने छळ केला, यात शंका नाही. ढोल जप्त झाले, जाळले गेले. १६९२ मध्ये नॉर्वेतल्या वाद्सो इथे आंदेर्स पोल्सेन या वृद्ध सामीवर खटला चालला, आणि निकालाआधीच कोठडीत त्याचा खून झाला. त्याचा ढोल डेन्मार्ककडे होता, तो काराशोकच्या सामी संग्रहालयाच्या मालकीचा व्हायला २०२२ साल उजाडलं. पुढे एकोणिसाव्या शतकात लेस्टाडियन या कडक ख्रिस्ती पंथाने योइकला दारूच्या पंगतीत बसवून पाप ठरवलं.

तरीही तो संपला नाही, आणि हे सांगायला रेकॉर्डिंग आहेत. १९१३ ते १९१५ या काळात कार्ल तिरेन हा स्वीडनमधला रेल्वेचा माणूस फोनोग्राफ घेऊन सामी वस्त्यांवर फिरला आणि मेणाच्या नळ्यांवर योइक उतरवून घेतले. १९५३ मध्ये स्वीडिश रेडिओने मोठं ध्वनिमुद्रण केलं. १९६८ मध्ये नील्स-आस्लाक वाल्केआपा या सामी कवी-गायकाची योइकची तबकडी निघाली. तिच्यात गिटार आहे, आसपासचे आवाज आहेत. जुन्या वळणाच्या काही सामींना ते रुचलं नाही, पण तरुणांनी योइक पुन्हा उघडपणे गायला घेतला तो इथून. १९८० मध्ये सामी गायक मात्तिस हेट्टाने युरोव्हिजन या युरोपातल्या गाण्यांच्या स्पर्धेच्या मंचावर योइक गायला, तेव्हा नॉर्वेतल्या आल्ता नदीवरच्या धरणाविरुद्ध सामींचं आंदोलन पेटलेलं होतं. १९८९ मध्ये सामी गायिका मारी बोइनेंचा ‘गुला गुला’ हा अल्बम आला. १९९४ च्या लिलेहामर हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनाला वाल्केआपांनीच योइक गायला. फिनिश रेडिओत तंत्रज्ञ असलेल्या विम्मे सारीला तिथल्या संग्रहात आपल्याच नातलगाचे योइक सापडले, आणि पुढे तो स्वतः नावाजलेला गायक झाला. ‘फ्रोझन’ आला २०१३ मध्ये. जीवदान कुणी कुणाला दिलं?

राहिलं त्या सिनेमातलं गाणं. ते प्राचीन नाही. फ्रोदे फ्येल्हैम या दक्षिण सामी घराण्यातल्या, आज हयात असलेल्या संगीतकाराने ते आपल्याच आधीच्या एका रचनेवरून केलं, आणि कांतुस या नॉर्वेतल्या महिला वृंदाने गायलं. त्या मूळ रचनेत योइकच्या स्वरांसोबत ‘दाइली एर योर्देन’ या ख्रिस्ती भजनाची चाल गुंफलेली आहे. म्हणजे ज्याला पोस्ट चर्चपूर्व काळाचा मंत्र म्हणते, त्याच्या मुळाशी चर्चमधलं भजनही आहे. मला ते गाणं सुंदर वाटतं, पण त्याला कर्ता आहे आणि पोस्टमध्ये त्याचं नाव नाही. दुसऱ्या भागाच्या वेळी सामी प्रतिनिधींनी निर्मात्यांशी रीतसर करार केला, आपले सल्लागार दिले, आणि २०१९ मध्ये तो सिनेमा उत्तर सामी भाषेतही डब झाला.