रसायन न भरता दफन करणं बेकायदेशीर नाही आणि घातकही नाही

काकांनी स्पष्ट लिहून ठेवलंय: मी गेल्यावर देहात रसायनं भरू नका, शवपेटी नको, साध्या सुती कापडात गुंडाळून मातीत ठेवा. आणि नेमका आता मावशीला कुणीतरी तो फिरणारा मेसेज पाठवला. 'चोवीस तासांत एम्बामिंग (म्हणजे देहात रसायनं भरणं) कायद्यानं सक्तीचं आहे, नाहीतर घरात रोगराई पसरते. खड्डा सहा फूट, वर काँक्रीटचं आवरण हवंच. मृतदेह घरच्यांनी हाताळणं गुन्हा आहे. असं दफन विहिरी नासवतं.' मावशी घाबरून गेली आहे. आजारी माणसाच्या बायकोला असलं काही पाठवताना लोकांना जरासुद्धा विचार करावासा वाटत नाही का?

आधी रोगराईचं बोलू, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्यानं होतं. आपल्याच माणसाला शेवटचा हात लावायची भीती त्यानं मनात बसते. जागतिक आरोग्य संघटना आणि रेडक्रॉस यांच्या सहभागानं 2006 मध्ये आपत्तीतल्या मृतदेहांविषयी एक मार्गदर्शिका निघाली. पूर, भूकंप, त्सुनामीनंतर शेकडो देह उघड्यावर पडून असतात. तिथेसुद्धा मृतदेहांमुळे साथी पसरत नाहीत, असं ती स्वच्छ सांगते. ती माणसं दुखापतीनं किंवा बुडून गेलेली असतात, आणि बहुतेक रोगजंतू मेलेल्या शरीरात फार काळ तग धरत नाहीत. मग घरी अंथरुणावर म्हातारपणानं गेलेल्या एका माणसापासून कसली साथ येणार? इबोलासारखे अपवाद आहेत. तिथे प्रशिक्षित लोकच देह हाताळतात, पण तिथे एम्बामिंग मुळीच करू नये अशी सूचना असते!

आणि एम्बामिंग म्हणजे काय, हेही कुणी सांगत नाही. धमनी उघडून फॉर्मल्डिहाइडचं द्रावण पंपानं आत सोडतात आणि शिरेतून रक्त काढून टाकतात. त्यानं कुजणं थांबत नाही, फक्त लांबतं. हेच फॉर्मल्डिहाइड माणसाला कर्करोग करतं, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 मध्ये जाहीर केलं. एखाद-दोन दिवस देह ठेवायला थंड खोली आणि धडाखाली कोरडा बर्फ (ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) पुरतो.

कायद्याचं म्हणाल, तर एम्बामिंग जिथे सर्रास चालतं त्या अमेरिकेतच 1984 पासून केंद्रीय नियम आहे: काही विशेष प्रसंग सोडले तर कायद्यानं एम्बामिंग लागत नाही, हे अंत्यविधी कंपनीनं ग्राहकाला लेखी कळवलंच पाहिजे. विमानानं परदेशी न्यायचं असेल तर मात्र ते बऱ्याचदा मागतात. तेवढं मेसेजवाल्यांचं खरं.

सहा फुटांचं आणि काँक्रीटचं फार बोलण्यासारखं नाही. आवरण बहुतेक ठिकाणी दफनभूमीचा स्वतःचा नियम असतो, वरची जमीन खचू नये म्हणून. नैसर्गिक दफनात खड्डा मुद्दामच तीन-चार फुटांचा घेतात, कारण हवा आणि जिवाणू वरच्या थरात जास्त असतात. देहावर दीड-दोन फूट माती राहिली की वास वर येत नाही, जनावरं उकरत नाहीत. माती बसणार हे धरून वर उंचवटा ठेवतात. इंग्लंडमधल्या कार्लाइलला 1993 पासून, अमेरिकेतल्या रॅम्झी क्रीकला 1998 पासून उघडपणे अशी दफनं होत आहेत.

घरच्यांनी हाताळणं गुन्हा? ब्रिटनमध्ये नाही, अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत नाही. न्यूयॉर्कसारख्या काही राज्यांत परवानाधारक माणूस लागतो, हे खरं. स्वतःच्या जागेत पुरण्याचे नियमही जागोजागी वेगळे आहेत: इंग्लंडमध्ये चालतं, कॅलिफोर्नियात नाही. मृत्यूची नोंद मात्र करावीच लागते.

पाण्याची काळजी रास्त आहे, पण तिचं उत्तर अंतरात आहे, बंदीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयानं 1998 मध्येच ते दिलंय: पिण्याच्या विहिरीपासून 250 मीटर, इतर झऱ्या-ओढ्यांपासून 30 मीटर, आणि खड्ड्याचा तळ भूजलाच्या सर्वांत वरच्या पातळीपेक्षा किमान 1 मीटर वर.

घरच्या जागेत दफन करायचं असेल तर खरी अडचण मेसेजमध्ये नाहीच. जमीन उद्या विकली गेली तर कबरीपाशी जायचा हक्क आपोआप राहील असं धरून चालू नये. कबरीची जागा नकाशावर दाखवून तो जमिनीच्या कागदांना जोडावा, आणि येण्याजाण्याचा हक्क विक्रीआधीच वकिलाकडून लिहून घ्यावा.