अंगठेबहाद्दर

बँकेत ३३ वर्षे नोकरी करताना मी असंख्य लोकांचे अंगठे घेतले. शाईच्या पॅडवर अंगठा टेकवून तो कागदावर उमटवणाऱ्या खातेदाराकडे मी ज्या नजरेने पाहत असे, तिच्यात थोडी दया आणि बराचसा अहंकार होता, हे आता निवृत्तीनंतर कबूल करायला हरकत नाही. त्याची परतफेड मात्र समुद्राच्या पोटात आणि तीही दोन देशांत हप्त्याहप्त्याने करावी लागली.

नागपूरच्या माणसाचा समुद्राशी संबंध ऐकीव असतो. आमच्याकडे पाणी म्हणजे फुटाळा, अंबाझरी आणि मे महिन्यात कूलरच्या टाकीत भरायचे ते. अशा गावात वाढलेल्या मला माझ्या भाच्याने पाठीवर बिऱ्हाड घेऊन थायलंड आणि इंडोनेशिया फिरायचा बेत ऐकवला, आणि मी जरा घुटमळताच म्हणाला, "काहून एवढा विचार करून राहिले मामा? सॅक घ्या अन् चला." बेतातला प्रत्येक मुक्काम स्कूबा डायव्हिंगसाठीच होता, हे मला बँकॉकहून चुंफोनला जाणाऱ्या गाडीत, म्हणजे परतीची वाट बंद झाल्यावर, कळले.

चुंफोनहून बोटीने आम्ही को ताओ बेटावर पोहोचलो. तिथे पहिली लढाई वेटसूटशी झाली. तो रबरी पोशाख पायांत शिरेना, तेव्हा कोणीतरी पावलाला प्लॅस्टिकची पिशवी बांधायला सांगितले, आणि सबंध आयुष्य पिशव्या घडी करून गादीखाली ठेवणाऱ्या घराण्यातल्या मला त्या सवयीचे प्रथमच सार्थक झाल्यासारखे वाटले. एवढे करूनही पाण्यात मी कुडकुडलोच. ४५ अंशांत विजेच्या खांबाखाली उभा राहून गप्पा मारणारा माणूस २९ अंशांच्या पाण्यात कसा काकडतो, याचे कारण असे, की पाणी हवेपेक्षा कितीतरी वेगाने अंगातली ऊब ओढून घेते.

आमच्या प्रशिक्षिकेने वर्गात खुणा शिकवल्या. अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेले वर्तुळ म्हणजे 'ठीक आहे'. अंगठा वर म्हणजे 'छान' नव्हे, तर 'वर चला'. मी हे वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून खाली रेघ मारली. पण वही डोक्याला वाचता येते, हाताला येत नाही. उथळ पाण्यात गुडघे टेकून मुखवट्यातले पाणी नाकाने फुंकून काढण्याचा भयंकर प्रकार मला पहिल्यांदा जमला, तिने वर्तुळ करून 'ठीक?' असे विचारले, आणि मी हर्षभराने अंगठा उंचावला. तिने मला दंडाला धरून वर आणले. "काय झाले?" "काही नाही, मस्त!" हा संवाद त्या सकाळी चार वेळा झाला.

तिला यात विनोद दिसत नव्हता, आणि ते बरोबरच होते. १० मीटर खोलीवरचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छातीत भरून घेतलेली हवा वर येईपर्यंत फुगून दुप्पट होते, म्हणून श्वास कधीही रोखायचा नाही, हा तिथला पहिला नियम. पोहण्याच्या तलावात नाक दाबून बुडी मारणे एवढीच विद्या असलेल्या माझा भरवसा धरणे तिला शक्य नव्हते. शिवाय वर जाण्याचा अंगठा कोणीही, केव्हाही, कारण न देता दाखवावा आणि इतरांनी तो निमूट मानावा, असा डायव्हिंगमधला संकेत आहे. इतका अधिकार माझ्या सहीला बँकेतही नव्हता.

दुसऱ्या दिवशी एक धष्टपुष्ट, रागीट दातांचा मासा दिसला. मी 'काय सुंदर!' अशा अर्थी अंगठा दाखवला. तो टायटन ट्रिगरफिश होता आणि खाली त्याचे घरटे होते. हा मासा घरट्यापासून वरच्या दिशेने रुंदावत जाणारा पाण्याचा शंकू स्वतःच्या मालकीचा समजतो, म्हणजे त्याच्यापासून पळायचे तर आडवे पळायचे, वर कदापि नाही. मी नेमकी वर जायची मागणी केली होती. प्रशिक्षिकेने मला आडवे ओढत नेले तेव्हा माझ्या पायातल्या एका फिनला, म्हणजे पोहायच्या रबरी वल्ह्याला, चावा बसलेला होता.

शेवटचा हप्ता बालीमध्ये फिटला. तुलांबेनच्या किनाऱ्याजवळ 'लिबर्टी' हे अमेरिकी मालवाहू जहाज बुडालेले आहे. जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने ते जायबंदी झाल्यावर किनाऱ्याला आणून लावले होते, आणि १९६३ च्या आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकाने त्याला पाण्यात ढकलले. गावातल्या बायका डोक्यावर हवेच्या टाक्या घेऊन गोट्यांच्या किनाऱ्यावरून सरसर चालत होत्या, आणि मागून रिकाम्या हाताने मी धडपडत होतो. पाण्यात शिरून आठ मिनिटे झाली असतील, निळ्या धुरकट उजेडातून प्रवाळाने मढलेला तो प्रचंड सांगाडा समोर उभा राहिला, आणि माझे भान हरपले. आयुष्यात इतके भव्य काही पाहिले नव्हते. ते भाच्याला सांगायला शब्द नव्हते, म्हणून मी सांगितले ते अंगठ्याने. दोन्ही हातांच्या.

वाटाड्याने संकेत पाळला. सगळे परत फिरले. ५ मीटरवर रीतीप्रमाणे तीन मिनिटे थांबावे लागते. ती तीन मिनिटे भाचा माझ्यासमोर लोंबकळत मुखवट्याआडून एकटक पाहत राहिला. पाण्याखाली बोलता येत नाही, ही सोय त्या क्षणी मला फार आवडली. मात्र डायव्हिंगनंतर अंगात मुरलेला नायट्रोजन निघून जाण्यासाठी विमानापूर्वी १८ तास जमिनीवर काढावे लागतात, आणि त्या १८ तासांत त्याने काहीही शिल्लक ठेवले नाही.

नागपूरला परतल्यावर पहिल्याच सकाळी मी पोह्यांच्या ठेल्यावर गेलो. पहिला घास घेतला, जीव सुखावला. ठेलेवाल्याने तर्रीची पळी उचलून विचारले, "कसं काय भाऊ? टाकू का अजून?" तोंड भरलेले होते. अंगठा आपोआप वर येऊ लागला, तो मी निग्रहाने आवरला आणि तर्जनीला जुळवून स्वच्छ, निर्दोष वर्तुळ करून दाखवले.

"झिरो? बरं," असे म्हणून त्याने पळी परत पातेल्यात ठेवली.