‘एक लाख कोटी झाडं लावा, प्रश्न संपला’: या मेसेजमधलं एकेक वाक्य तपासूया

गेली काही वर्षं एक मेसेज फिरतोय, शब्द थोडेफार बदलतात पण सांगणं तेच. ‘जगात एक लाख कोटी झाडं लावली की माणसाने हवेत सोडलेला दोन तृतीयांश कार्बन निघून जातो, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. मोकळे गवताळ माळ पडीकच आहेत, तिथे लावा. जुनी जंगलं कार्बन शोषत नाहीत, ती तोडून नवी लावा. झाडं लावली की पाणी वाढतंच. फक्त शेतात झाड नको, पीक बुडतं.’

झाडं लावू नका असं मी अजिबात म्हणत नाहीये, हे आधीच सांगते. पण या पाच वाक्यांवर विश्वास ठेवून लोक पैसे देतात, जमिनी देतात, आणि मग जिथे जंगल कधी नव्हतंच तिथे झाडं कोंबली जातात आणि जिथे आहे ते तुटतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी ते ‘सिद्ध केलंय’ घेऊ. हा आकडा आला 2019 मध्ये ‘सायन्स’ जर्नलमधल्या एका पेपरमधून, झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या टीमचा. उपग्रहाचे फोटो आणि कॉम्प्युटर मॉडेल वापरून त्यांनी हिशोब मांडला की शेती आणि शहरं सोडून पृथ्वीवर अजून 90 कोटी हेक्टरवर झाडांचं छत्र येऊ शकतं आणि ती झाडं पूर्ण वाढली की साधारण 20,500 कोटी टन कार्बन धरून ठेवतील. जगभर हेडलाईन झाल्या, जानेवारी 2020 मध्ये दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेत एक लाख कोटी झाडांची मोठी मोहीमही जाहीर झाली. पण त्याआधीच, 2019 मध्येच, त्याच जर्नलमध्ये 46 संशोधकांनी मिळून उत्तर दिलं होतं की हा अंदाज जवळजवळ पाचपट फुगलेला आहे, कारण सॅव्हाना (मधूनमधून झाडं असलेले गवताळ माळ) आणि गवताळ प्रदेश झाडांसाठी रिकामे धरलेत, आणि तिथल्या मातीत आधीच असलेला कार्बन हिशोबात नीट घेतलेला नाही. ‘दोन तृतीयांश’वरही आक्षेप आले. हवेतून कार्बन काढायला लागलं की समुद्राने शोषून ठेवलेल्यातला काही परत बाहेर येतो, त्यामुळे नुसती हवेतली शिल्लक धरून टक्केवारी काढता येत नाही. 2020 मध्ये मूळ लेखकांनीच पेपरमध्ये दुरुस्ती छापली आणि ‘सगळ्यात प्रभावी उपाय’ हे वाक्य सौम्य केलं. मेसेजमध्ये मात्र 2019 चीच हेडलाईन अजून फिरतेय. आणि 20,500 कोटी टन जरी खरं धरलं तरी कोळसा, तेल आणि गॅस जाळून आपण दरवर्षी साधारण 1,000 कोटी टन कार्बन हवेत सोडतो, म्हणजे ती सगळी झाडं शंभर टक्के जगली आणि कित्येक दशकं वाढली तरी भरपाई होणार वीसेक वर्षांच्या धुराची.

जगली तर, हं. 11 नोव्हेंबर 2019 ला तुर्कस्तानात एका दिवसात 1 कोटी 10 लाख रोपं लावायची मोहीम झाली. दोन-अडीच महिन्यांनी तिथल्या शेती आणि वन कामगारांच्या युनियनने काही ठिकाणी जाऊन बघितलं आणि सांगितलं की पाहिलेल्यातली 90 टक्क्यांपर्यंत रोपं मेलेली आहेत, अवेळी लावली, पाणी मिळालं नाही. मंत्रालयाने हे नाकारलं. तो वाद बाजूला ठेवा, पण पिशवीतलं रोप कधी उपटून बघितलंय का? प्लॅस्टिकच्या पिशवीत जास्त दिवस राहिलं तर मूळ खाली तळाला पोचतं, वाट मिळत नाही म्हणून वळतं आणि घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गोल गोल फिरत राहतं. ते तसंच खड्ड्यात बसवलं की वरून दोन पावसाळे हिरवं दिसतं, फोटो छान येतात, पण मूळ त्या गुंडाळीतून सुटत नाही, खोल जात नाही, आणि पहिल्या मोठ्या दुष्काळात किंवा वादळात झाड जातं. लावलेल्या रोपांचा आकडा लगेच जाहीर होतो, तिसऱ्या वर्षी किती उभी आहेत याचा आकडा शोधूनही सापडत नाही.

गवताळ माळ पडीक असतात, हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागतं. ब्राझीलचा सेराडो घ्या. वरून बघितलं तर गवत, मधूनमधून वाकडीतिकडी जाड सालीची झाडं, कुणालाही वाटेल की इथे जंगल होतं आणि कुणीतरी तोडलं. पण तिथलं जंगल जमिनीखाली आहे, मुळं इतकी खोल आणि दाट की त्याला उलटं जंगल म्हणतात, आणि अधूनमधून लागणारी आग ही त्या माळाची गरज आहे, आग गेली की झाडं माजतात आणि उन्हाची सवय असलेल्या वनस्पती सावलीत गुदमरतात. 2017 मध्ये तिथल्याच अभ्यासात मोजलं गेलं की आग थांबवून माळाचं दाट रान झालं तिथे वनस्पतींच्या प्रजाती 27 टक्क्यांनी आणि मुंग्यांच्या 35 टक्क्यांनी कमी झाल्या. कार्बन वाढला होता, हेही खरं आहे, लपवायचं कारण नाही. पण ज्या किमतीत वाढला ती मेसेजमध्ये कुठेच नाही.

जुन्या जंगलांचं थोडक्यात सांगते कारण इथे डेटा अगदी स्पष्ट आहे. 2014 मध्ये ‘नेचर’मध्ये 403 प्रजातींच्या सहा लाखांहून जास्त झाडांची मापं एकत्र करून दाखवलं की बहुतेक प्रजातींत झाड जितकं मोठं तितकं ते वर्षाला जास्त लाकूड चढवतं, एका अख्ख्या मध्यम झाडात मिळून जितका कार्बन असतो तितका एखादं अवाढव्य झाड एका वर्षात अंगावर घेतं. म्हातारं झाड थांबतं हा समज यायचं कारण म्हणजे जंगल जुनं होताना काही झाडं मरतात आणि हेक्टरमागे वाढ मंदावते, पण मंदावणं वेगळं आणि थांबणं वेगळं. शिवाय तोडलं की आधीचा शेकडो वर्षांचा साठा, मातीतला धरून, सुटायला लागतो. 2023 मध्ये ‘नेचर’मध्येच आलेल्या मोठ्या अभ्यासात, ज्यात ते 2019 वाले झुरिकचे लोकही होते, जंगलांतून मिळू शकणाऱ्या जादा कार्बनपैकी 61 टक्के वाटा आहे त्या जंगलांना नुसतं सांभाळून मोठं होऊ देण्यात आहे असं निघालं.

पाण्याचं वाक्य अर्धं खरं आहे. उतारावरचं जंगल पाऊस मुरवतं, माती धरतं, हे कोण नाकारेल. पण झाड पाणी पितंही, आणि झपाट्याने वाढणारं निलगिरी किंवा पाईन तर खूपच. 2005 मध्ये जगभरातल्या निरीक्षणांचा एकत्र अभ्यास झाला, गवताच्या किंवा झुडपांच्या जागी लागवड केली तिथे ओढ्यांचा प्रवाह सरासरी 52 टक्क्यांनी घटला होता आणि 13 टक्के ओढे किमान एक वर्ष पूर्ण आटले होते. दक्षिण आफ्रिकेत 1995 पासून सरकारच नदीकाठची परकी झाडं माणसं लावून तोडतंय, पाण्यासाठी. कुठलं झाड, कुठे, किती दाट, हे न विचारता ‘पाणी वाढतंच’ म्हणणं म्हणजे खालच्या गावाच्या पाण्याशी खेळ आहे.

आता शेत. ‘शेतात झाड नको’ हेच पूर्वी पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशातल्या शेतकऱ्यांना सांगितलं गेलं होतं, रान साफ करा, सरळ ओळीत पेरा. माती उडायला लागली, पेरलेलं वाळूखाली गाडलं जायचं, दोन-तीनदा पेरावं लागायचं. बाहेरून आणलेली रोपं लावायचे प्रकल्प झाले, बहुतेक रोपं मेली. 1983 मध्ये टोनी रिनॉडो हा ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ रोपं घेऊन चालला होता, वाळूत गाडी चालावी म्हणून टायरची हवा कमी करायला उतरला आणि बाजूला एक झुडूप दिसलं. पानं बघितल्यावर लक्षात आलं की हे झुडूप नाहीच, तोडलेल्या झाडाच्या खुंटाला फुटलेले धुमारे आहेत. म्हणजे जंगल जमिनीखाली जिवंत होतं, मुळं सगळी शाबूत, दरवर्षी फुटायचं आणि दरवर्षी छाटलं जायचं. मग पद्धत बसली: खुंटाला वीसेक धुमारे आलेले असतात, त्यातले सरळ, जोमदार चार-पाच ठेवायचे, बाकीचे कापून सरपणाला न्यायचे, ठेवलेल्यांच्या खालच्या फांद्या उतरवायच्या. ना नर्सरी, ना पिशवी, ना टँकर. झाडं पूर्वी सरकारची मानली जायची म्हणून कुणी राखत नव्हतं, ती पकड सैल झाली तसं शेतकऱ्यांनी स्वतःच राखायला सुरुवात केली, आणि वीस वर्षांत सुमारे 50 लाख हेक्टरवर अंदाजे 20 कोटी झाडं उभी राहिली. शेतातच. पिकाच्या मध्ये.

पीक बुडालं का? तिथलं गाओ नावाचं झाड, बाभळीच्या नात्यातलं, शास्त्रीय नाव फेडर्बिया अल्बिडा, पावसाळा सुरू झाला की पानं गाळतं. म्हणजे ज्वारी-बाजरीला ऊन हवं तेव्हा सावली नाही, पडलेल्या पानांचं खत, मुळांवाटे मातीला नत्र, आणि उन्हाळ्यात सगळं करपलेलं असताना ते हिरवं असतं, गुरांना शेंगा मिळतात. सगळीच झाडं अशी नसतात, दाट सावलीचं झाड पिकाच्या डोक्यावर बसवलं तर उत्पादन घटणारच, त्यामुळे प्रजाती आणि अंतर बघावंच लागतं. पण ‘शेतात झाड नको’ हा सरसकट नियम शेतकऱ्याचं नुकसान करतो.

अजून एक गोष्ट मेसेजमध्ये नाही पण सगळ्यात महत्त्वाची आहे. 2019 मध्ये ‘नेचर’मध्ये काही संशोधकांनी देशांनी जाहीर केलेल्या वचनांची यादी तपासली, तर ‘जंगल वाढवू’ म्हणून दिलेल्या जमिनीपैकी 45 टक्के जमीन एकाच जातीच्या व्यापारी लागवडीसाठी होती, जी दहाएक वर्षांनी तोडली जाते आणि कागद किंवा जळण होऊन कार्बन परत हवेत जातो. त्यांच्या हिशोबाने नैसर्गिक जंगल तेवढ्याच जमिनीवर 40 पट कार्बन धरतं. आणि ते उभं करायला नेहमी लावावंच लागतं असंही नाही. उष्ण कटिबंधात शेती सोडून दिलेल्या जमिनींवरच्या 2021 च्या अभ्यासात, जवळ बियांचा स्रोत शिल्लक असेल आणि माती फार पिळून काढलेली नसेल, तर वीस वर्षांत आपोआप वाढलेलं रान, माती, झाडं, प्रजाती असे सगळे निकष मिळून, जुन्या जंगलाच्या सरासरी 78 टक्क्यांपर्यंत पोचलेलं दिसलं. माती सगळ्यात आधी सावरते, दहा वर्षांच्या आत. झाडांचं एकूण वजन जुन्या जंगलाइतकं व्हायला मात्र शंभराहून जास्त वर्षं लागतात.

पुढच्या वेळी कुणी वृक्षारोपणासाठी वर्गणी मागितली तर जरूर द्या, पण आधी विचारा की या जागी पूर्वी काय होतं, इथे खुंट किंवा मुळं जिवंत आहेत का, किती जातींची रोपं आहेत, गुरं आणि आग यापासून राखण कोण करणार, झाड मोठं झाल्यावर ते कुणाचं, आणि मागच्या मोहिमेतली किती रोपं तिसऱ्या वर्षी जिवंत होती.