संध्याकाळची मोजणी

माझे वडील राज्य राखीव पोलीस दलात होते. नोकरीची शेवटची अकरा वर्षं त्यांनी कोतमध्ये काढली. कोत म्हणजे हत्यारांची खोली. आमच्या क्वार्टरपासून पाच मिनिटांवर होती. अण्णांचा डबा द्यायला मी जायचे, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची मला परवानगी नव्हती. बाहेरून जे दिसायचं ते अजून डोळ्यांसमोर आहे. लाकडी रॅकमध्ये ओळीने उभ्या रायफली, प्रत्येकीच्या दस्त्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलेला बट नंबर, सगळ्यांच्या ट्रिगर गार्डमधून ओवून नेलेली एकच लांब साखळी आणि तिच्या टोकाला कुलूप. तेलाचा आणि पुल-थ्रूच्या, म्हणजे नळी साफ करायच्या दोरीच्या, चिंध्यांचा वास.

संध्याकाळी मोजणी व्हायची. अण्णा रजिस्टरमधला नंबर मोठ्याने वाचायचे आणि दुसरा शिपाई त्या रायफलीला हात लावून "आहे" म्हणायचा. लांबून बघून "आहे" म्हटलेलं अण्णांना चालत नसे. हात लागलाच पाहिजे. तीनशेच्या वर हत्यारं, रोज.

हे आज लिहिते आहे त्याला कारण आहे. गेली सतरा वर्षं मी सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहते. मागच्या महिन्यात नाशिकहून मामा-मामी आले होते, त्यांना एम्बार्काडेरोवर, म्हणजे शहराच्या पाण्याकाठच्या रस्त्यावर, फिरायला नेलं. गाडी लावताना फुटपाथच्या कडेला फुटलेल्या काचांचा चुरा पडलेला होता, इथे तो नेहमीचाच. मी सवयीने म्हटलं, "मामी, पर्स गाडीत ठेवू नका, काहीच ठेवू नका." आणि समोर पियर १४ हा धक्का दिसला. मग २०१५ आठवलं, आणि ते डोक्यातून जाईना.

२७ जून २०१५. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या, सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या खात्याचा एक रेंजर, म्हणजे सशस्त्र अधिकारी, कामानिमित्त मोंटानाकडे निघालेला, वाटेत सॅन फ्रान्सिस्कोत थांबला. त्याचं सरकारी पिस्तूल, गोळ्या भरलेलं, एका पाठपिशवीत आणि ती पिशवी गाडीत. गाडी रस्त्यावर. काच फोडून पिशवी गेली. चार दिवसांनी, १ जुलैला, पियर १४ वर वडिलांबरोबर फिरत असलेली ३२ वर्षांची मुलगी त्याच पिस्तुलाच्या गोळीने गेली. गोळी आधी जमिनीवर आपटून उडाली होती. वडील शेजारीच होते.

पुढे काय झालं ते पुष्कळांना आठवत असेल. ज्याच्या हातून गोळी सुटली तो पाच वेळा देशाबाहेर काढलेला माणूस निघाला आणि सगळा देश त्याच्या कागदपत्रांवर भांडायला लागला. निवडणुकीच्या सभांतून त्या मुलीचं नाव घेतलं गेलं. २०१७ मध्ये ज्युरीने त्याला खुनाच्या आरोपातून सोडलं तेव्हा पुन्हा तेच भांडण. मी स्वतः व्हिसाच्या रांगेत आयुष्याची बरीच वर्षं घालवली आहेत, तेव्हा त्या विषयाचं वजन मला माहीत नाही असं नाही. पण त्या सगळ्या गदारोळात, ती भरलेली सरकारी बंदूक रस्त्यावर उभ्या गाडीतल्या पिशवीत का होती, हा प्रश्न कोणी लावून धरला नाही, आणि त्याचा मला आजही राग येतो. मुलीच्या घरच्यांनी सरकारविरुद्ध दावा लावला. २०२१ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की रेंजरचा निष्काळजीपणा आणि तिचा मृत्यू यांच्यामध्ये फार घटना घडून गेल्या, तेव्हा सरकारला जबाबदार धरता येत नाही. कायद्याच्या भाषेत ते बरोबर असेलही. मी वकील नाही. कोत हवालदाराची मुलगी म्हणून मला ते पटत नाही, एवढं खरं.

ती एकच घटना असती तर गोष्ट वेगळी. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, पलीकडे ओकलंडला, हायवेच्या पुलाखाली भिंतीवर चित्र रंगवत असलेल्या २७ वर्षांच्या चित्रकाराला कोणीतरी गोळी घातली. ते पिस्तूल इमिग्रेशन खात्याच्या म्हणजे आयसीईच्या एका अधिकाऱ्याचं होतं, दोन आठवड्यांपूर्वी सॅन फ्रान्सिस्कोत त्याच्या गाडीतून चोरलेलं. तीन महिन्यांत दोन बळी, दोन वेगळी केंद्रीय खाती, चोरीची पद्धत तीच.

आणि हे कोणाला ठाऊक नव्हतं असंही नाही. अमेरिकेची एक गोष्ट मला मनापासून आवडते, की इथे प्रत्येक मोठ्या खात्याला इन्स्पेक्टर जनरल असतो (पोलिसांतला हुद्दा नव्हे, खात्याचा स्वतंत्र तपासनीस) आणि तो स्वतःच्याच खात्याची लक्तरं जाहीर अहवालात मांडतो. ते अहवाल कोणीही वाचू शकतं. मी वाचले. २००२ च्या न्याय खात्याच्या अहवालात एफबीआय आणि इतर शाखा मिळून ७७५ हत्यारं आणि ४०० लॅपटॉप हरवलेले, चोरीला गेलेले किंवा बेपत्ता. २००७ मध्ये एफबीआयची पुन्हा तपासणी झाली: ४४ महिन्यांत १६० हत्यारं, १६० लॅपटॉप. हत्यारांचं प्रमाण बरंच खाली आलं होतं, ते मान्य केलं पाहिजे. पण हरवलेल्या कित्येक लॅपटॉपवर नक्की कोणती माहिती होती हे खुद्द एफबीआयलाच सांगता येत नव्हतं. हे वाचून मी पान बंद करून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

होमलँड सिक्युरिटी म्हणजे देशांतर्गत सुरक्षेच्या खात्याचा (आयसीई याच खात्यात येतं) २०१० चा अहवाल तर मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. २००६ ते २००८ या तीन आर्थिक वर्षांत २८९ बंदुका गेल्या, आणि बहुतेक गेल्या त्या नीट ठेवल्या नाहीत म्हणून. एकाने दुकानासमोर गाडी चालू ठेवून आत खरेदीला जाताना बंदूक गाडीतच ठेवली, गाडीच चोरीला गेली. एकाने आपल्या ट्रकच्या मागच्या टूलबॉक्सवर पिस्तूल ठेवलं आणि तसाच घरी निघाला, ते रस्त्यात पडलं. पुढे ते ज्याच्याकडे सापडलं त्याने पकडायला आलेल्या पोलिसावर हल्ला केला होता. जेवायच्या ठिकाणच्या स्वच्छतागृहात विसरलेली बंदूक, बोलिंगच्या हॉलमध्ये विसरलेली बंदूक. मग २०१७ चा अहवाल, त्याच खात्याचा, २०१४ ते २०१६ चा हिशेब: २२८ बंदुका, १,८८९ बिल्ले आणि इमिग्रेशनचे २५ शिक्के.

बिल्ल्यांचं आणि शिक्क्यांचं वाचून लोक पुढे जातात. तुम्ही जाऊ नका. तो शिक्का पासपोर्टावर उठला की माणूस देशात येतो. बिल्ला दाखवला की सामान्य माणूस दार उघडतो. २००६ मध्ये माजी सैनिकांच्या खात्यातल्या एका कर्मचाऱ्याच्या घरातून लॅपटॉप आणि हार्ड ड्राइव्ह चोरीला गेली, तिच्यावर २ कोटी ६५ लाख लोकांची माहिती होती. सुदैवाने ती परत मिळाली. तरी सरकारला पुढे २ कोटी डॉलरची भरपाई कबूल करावी लागली. लोखंडाची नळी नसली म्हणून वस्तू निरुपद्रवी होत नाही.

मला जे म्हणायचं आहे ते असं. इथल्या खात्यांना बंदूक कोणाच्या नावावर आहे ते नेमकं माहीत असतं. ती आत्ता, या क्षणी कुठे आहे, हे वर्षातून एकदा यादी पडताळताना विचारलं जातं. इश्यू केली की खातं मोकळं. मधल्या तीनशे चौसष्ट दिवसांत त्या वस्तूला हात लावून "आहे" म्हणणारं माणूस नाही.

उलट बाजूची गोष्ट मला याहून बोलकी वाटते. २०१३ मध्ये यूएस पार्क पोलिसांची तपासणी झाली. वॉशिंग्टनची स्मारकं, न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा आणि आमच्याकडे गोल्डन गेटचा परिसर सांभाळणारं हे दल. अधिकारी सुमारे ६४० आणि गरजेपेक्षा जास्तीची हत्यारं तब्बल १,४०० च्या आसपास. कित्येकांची नोंदच धड नाही. एखाद्याला वाटेल, कमी नाहीत ना, जास्तच आहेत, मग बिघडलं कुठे? अण्णांना हे विचारून बघायला हवं होतं. कोतमध्ये एक राउंड, म्हणजे काडतूस, कमी भरला तर जेवढी धावपळ, तेवढीच एक जास्त भरला तर. जास्त भरला याचा अर्थ कुठलीतरी नोंद खोटी आहे, आणि ज्याची नोंद नाही ते हरवलं तरी कोणाला कळणार?

मी चौथीत असेन. फायरिंगचा सराव झाला आणि मोजल्यावर एक रिकामी पुंगळी कमी भरली. वापरलेली, रिकामी पितळी पुंगळी. पण जेवढे राउंड दिले तेवढ्या पुंगळ्या परत आल्या नाहीत तर एक जिवंत राउंड कोणाच्या खिशात गेला असं धरायचं, हा नियम. सगळी तुकडी बट्टवर, म्हणजे गोळीबाराच्या मैदानावर, अंधार पडेपर्यंत गवत चाळत होती. आईने दोनदा भाकरी गरम केली. नऊच्या सुमाराला पुंगळी सापडली, नेमबाजाच्या कोपराखालच्या वाळूच्या पोत्याच्या घडीत. अण्णा घरी आले तेव्हा गुडघ्यांना माती होती आणि त्यांनी आईला पहिलं वाक्य सांगितलं, "मेळ बसला." त्या दिवशी कोणाला शिक्षा झाली नाही, शोधावं लागलं एवढंच. त्यानंतर त्या नेमबाजाने कधी मोजणी संपायच्या आत जागा सोडली नसणार, याची मला खात्री आहे.

आता मला इथलेच मित्र सांगतात की कोतचा नियम इथे लागू होणार नाही. त्यांचं काही अंशी बरोबर आहे. राखीव दलाचा जवान ड्युटी संपली की हत्यार जमा करतो. इथल्या केंद्रीय अधिकाऱ्याला रात्री-बेरात्री थेट घरून निघावं लागतं, सुटीतही हत्यार बाळगायची त्याला मुभा असते, आणि त्याच्या जिवाला असलेला धोका खोटा नाही. रोज सगळी पिस्तुलं खोलीत आणून टांगा, असं मी म्हणतच नाही. पण गाडीत बोल्टने पक्की बसवलेली लोखंडी पेटी बसवायला काय अडचण आहे? कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये कायदा केला की पोलिसानेसुद्धा रिकाम्या गाडीत पिस्तूल ठेवायचं तर ते कुलूपबंद डिकीत किंवा नजरेआड कुलूपबंद पेटीत ठेवायचं. त्याआधी सामान्य माणसाला जो नियम होता त्यातून पोलीस सुटत होते. दोन माणसं गेल्यावर ही पळवाट बुजली.

आणि खोली असली म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्गला एटीएफचं, म्हणजे दारू, तंबाखू, बंदुका आणि स्फोटकं यांवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रीय खात्याचं, केंद्र आहे, जप्त केलेल्या आणि जुन्या बंदुका नष्ट करण्यासाठी. तिथला कंत्राटी सुरक्षारक्षकच वर्षानुवर्षं बंदुका आणि त्यांचे भाग बाहेर नेऊन विकत होता, हजारोंनी. २०१९ मध्ये, चुरा झालेली असायला हवी होती अशी एक बंदूक फिलाडेल्फियात पोलिसांच्या हाती लागली तेव्हा हे उघड झालं. कुलूप होतं, रक्षक होता. नष्ट करायला आलेल्या आणि खरोखर नष्ट झालेल्या नगांचा मेळ बसवणारं कोणी नव्हतं.

आपल्याकडे भारतात सगळं आलबेल आहे असा समज करून देणं मात्र अप्रामाणिकपणा होईल. २०२० मध्ये कॅगने केरळ पोलिसांच्या तिरुवनंतपुरमच्या बटालियनमधून २५ इन्सास रायफली आणि १२,०६१ काडतुसं बेपत्ता असल्याचं लिहिलं. नंतर पोलिसांनी मोजणी करून रायफली सगळ्या आहेत, काही मणिपूरला गेलेल्या तुकडीबरोबर आहेत, असं सांगितलं. म्हणजे रायफली असतील, पण रजिस्टरला ते ठाऊक नव्हतं. अण्णा असते तर त्यांना ती रात्र झोप लागली नसती.

गेल्या वर्षी मी इथली नागरिक झाले. काल रात्री आमच्या मतदारसंघाच्या काँग्रेसमधल्या, म्हणजे इथल्या संसदेतल्या, प्रतिनिधीला दोन पानी पत्र लिहिलं. तीन गोष्टी मागितल्या आहेत: प्रत्येक केंद्रीय अधिकाऱ्याच्या गाडीत पक्की बसवलेली पेटी, वर्षातून एकदाच्या ऐवजी दर महिन्याला वरिष्ठाने स्वतः हात लावून केलेली मोजणी, बिल्ले, शिक्के आणि लॅपटॉपसकट, आणि हरवलेल्या प्रत्येक हत्याराचा आकडा खात्याने दर वर्षी स्वतःहून जाहीर करणं, इन्स्पेक्टर जनरल येऊन शोधेपर्यंत न थांबता. पत्रात अण्णांच्या कोतबद्दलही लिहिलं. पुंगळीची गोष्ट घालावी का, यावर बराच वेळ विचार केला आणि शेवटी घातली. उत्तर आलं की इथे टाकीन.