थर्मोस्टॅट काढल्याने इंजिन गार राहत नाही

गाडी तापू लागली की कुणीतरी एक संदेश हमखास पाठवतं. त्यात सल्ले असे: थर्मोस्टॅट (तापमानानुसार रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून टाका, कूलंटऐवजी (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाऐवजी) साधं पाणी भरा, तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला की रेडिएटरचं झाकण उघडून गार पाणी ओता, गळत असेल तर गळती बंद करणारं रसायन टाका, आणि हीटर पूर्ण सुरू करा. यातला हीटरचा सल्ला तेवढा खरा आहे. बाकीच्यांनी बिघाड झाकला जातो आणि दुरुस्ती वाढते.

पहिला दावा: «थर्मोस्टॅट पाणी अडवतो, तो काढला की इंजिन गार राहतं.»

थर्मोस्टॅटमध्ये मेणाची कुपी असते. बहुतेक गाड्यांत 82 ते 88 अंशांना मेण फुगू लागतं, झडप उघडू लागते आणि 95 ते 100 अंशांच्या आसपास ती पूर्ण उघडते. म्हणजे इंजिन खरोखर तापलेलं असताना चांगला थर्मोस्टॅट फारसं काही अडवतच नाही. तो बंद अवस्थेत अडकला असेल तर इंजिन तापतं हे खरं, पण त्यावर उपाय नवा थर्मोस्टॅट बसवणं हाच.

संदेशात न सांगितलेली गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. कितीतरी इंजिनांत थर्मोस्टॅटला दोन तबकड्या असतात. वरची रेडिएटरची वाट उघडते, त्याच वेळी खालची बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून परत इंजिनात जाणारी वाट बंद करते. अख्खा थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा राहतो. मग गरम कूलंटचा मोठा भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातो आणि चढावर गाडी आधीपेक्षा जास्त तापते. बायपास नसलेल्या इंजिनात उलटं होतं. इंजिन नेमक्या तापमानाला पोचतच नाही, इंजिनाचा कॉम्प्युटर जास्त इंधन सोडत राहतो, ते सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइलमध्ये उतरतं आणि झीज वाढते.

(थर्मोस्टॅटची बाजू घेणारेही एक चूक करतात. «तो नसेल तर पाणी इतक्या वेगानं फिरतं की रेडिएटरमध्ये गार व्हायला वेळच मिळत नाही,» असं ते सांगतात. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरत असतं, त्यामुळे वेग वाढल्यानं उष्णता कमी सुटत नाही. खरं कारण बायपासचं आहे.)

शंका असेल तर तपासणी सोपी आहे. थर्मोस्टॅट दोऱ्यानं पाण्याच्या भांड्यात टांगा, तो तळाला टेकू देऊ नका. थर्मामीटर ठेवून पाणी हळूहळू तापवा. थर्मोस्टॅटवर कोरलेल्या आकड्याच्या दोन-तीन अंश मागेपुढे झडप हलली पाहिजे, उकळीच्या जवळ साधारण 8 मिलिमीटर उघडली पाहिजे आणि पाणी निवल्यावर घट्ट मिटली पाहिजे. बसवताना मेणाची कुपी इंजिनाच्या बाजूला आणि हवा सोडणारी छोटी हलती पिन असेल तर ती वर. पिन खाली गेली की हवा अडकते आणि नवा थर्मोस्टॅट बसवूनही गाडी तापते.

दुसरा दावा: «साधं पाणी कूलंटपेक्षा जास्त उष्णता ओढतं.»

हे अर्धं खरं आहे. पाण्याची उष्णता धरण्याची क्षमता कूलंट आणि पाणी यांच्या मिश्रणापेक्षा जास्त असतेच. पण साधं पाणी उघड्यावर 100 अंशांना उकळतं, निम्मं-निम्मं मिश्रण 106 ते 107 अंशांना. झाकणानं 1 बार दाब धरला तर पाण्याचा उत्कलनबिंदू 120 अंश होतो, मिश्रणाचा सुमारे 129. हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, एक्झॉस्ट झडपांभोवतीचा धातू सर्वांत गरम असतो. तिथं वाफ धरली की उष्णता निघणं जवळजवळ थांबतं, कारण वाफ उष्णता फार कमी वाहून नेते. शिवाय साध्या पाण्यात गंजरोधक नसतात. ॲल्युमिनियम खाल्लं जातं, नळाच्या पाण्यातला क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो.

भरताना होणारी चूकही इथंच सांगायला हवी. रेडिएटर रिकामा केला तरी इंजिनाच्या ब्लॉकमध्ये बरंच पाणी उरतं. म्हणून साध्या पाण्यानं धुऊन काढल्यावर एकूण क्षमतेच्या निम्मं निव्वळ कूलंट आधी ओतावं (6 लिटरच्या गाडीत 3 लिटर) आणि वर डिस्टिल्ड पाणी घालावं. तयार मिश्रणात पुन्हा पाणी मिसळू नये. रंगावरून कूलंट निवडू नका. रंग हा प्रमाण नाही, गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला प्रकार पाहा.

तिसरा दावा: «झाकण उघडा आणि गार पाणी ओता.»

हा सल्ला माणसाला भाजवतो. दाबाखालचं 110 अंशांचं पाणी झाकण सैल होताच उकळून वाफेसकट अंगावर येतं. वाचलात तरी तापलेल्या हेडवर गार पाणी पडल्यानं धातूला तडा जाऊ शकतो. इंजिन बंद करून रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) हाताला कोमट आणि दाबल्यावर मऊ लागेपर्यंत थांबा. अर्धा-पाऊण तास कमीत कमी.

चौथा दावा: «गळतीवर रसायन टाका.»

ते रसायन गळतीच्या छिद्रापुरतं थांबत नाही, हीटरच्या आणि रेडिएटरच्या नळ्यांतही बसतं. हातपंपानं थंड यंत्रणेत झाकणावर छापलेल्या आकड्याइतका दाब भरा आणि दहा मिनिटं पंपावरचा दाबाचा काटा पाहा. दाब उतरला आणि बाहेर कुठंच ओल दिसली नाही, तर गळती आत आहे.

हे सगळं करण्याआधी एक प्रश्न विचारायचा: गाडी नेमकी कधी तापते? सिग्नलला तापते, वेगात निवते, तर पंखा पाहा. एसी लावल्यावर पंखा फिरतो का? नाही तर फ्यूज, रिले, आणि मोटरला थेट 12 व्होल्ट देऊन पाहा. वेगात आणि चढावर तापते, तर रेडिएटर आतून चोक, पाण्याच्या पंपाची पाती खराब, किंवा खालचा होज आत ओढला जाऊन चपटा होतो. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली धूळ-पिसं वरून दिसत नाहीत. ती इंजिनाच्या बाजूनं बाहेर, कमी दाबाच्या पाण्यानं धुवा. जोरानं मारलं तर रेडिएटरचे पातळ पत्रे वाकतात. थंड इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच वरचा होज कडक होत असेल, तर हेड गॅस्केटचा (हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलचा) संशय घ्या. रेडिएटरच्या तोंडावर निळं चाचणी-द्रव धरलं आणि ते पिवळं झालं, तर जळालेला वायू पाण्यात येतोय.

शेवटचा दावा, «काटा खाली आला म्हणजे धोका टळला.» हा सर्वांत महागात पडतो. सेन्सर पाण्यात बुडालेला असला तरच खरं तापमान सांगतो. कूलंट संपलं की तो कोरडा पडतो आणि हेड वाकत असतानाही काटा खाली येतो. काटा चढून अचानक उतरला, किंवा हीटरमधून एकदम गार हवा येऊ लागली, तर गॅरेज एका किलोमीटरवर असलं तरी गाडी कडेला घेऊन इंजिन तिथंच बंद करा.