सकाळी मदतनीस आलाच नाही तर?

स्वतंत्रपणे राहणाऱ्या अपंग माणसाबद्दल बोलणं निघालं की आधी रॅम्प निघतो, मग लिफ्ट. दोन्ही हवंच. पण ज्याला अंथरुणातून उठायला दुसऱ्याचे हात लागतात, त्याचं स्वतंत्र राहणं टिकणार की मोडणार हे एका प्रश्नावर ठरतं. सात वाजता येणारा मदतनीस आज आलाच नाही, तर साडेसातला काय होतं? "कोणीतरी येईलच" हे उत्तर मिळालं, तर समजा की तिथे व्यवस्था नाही, नशीब आहे. याचा मला मनापासून राग येतो, कारण उपाय माणसाच्या आवाक्यातला आहे. सहा-सात माणसं, एक कागद आणि महिन्यातून एकदा सराव, एवढ्यावर तो उभा राहतो.

आधी 'स्वतंत्र' या शब्दाचं बघू, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. अमेरिकेतले एड रॉबर्ट्स पोलिओमुळे मानेखाली जवळजवळ पूर्ण लुळे झाले होते आणि झोपताना त्यांना लोखंडी श्वसनयंत्र लागायचं. १९६२ मध्ये ते बर्कलीच्या विद्यापीठात शिकायला आले तेव्हा त्यांची राहायची सोय विद्यापीठाच्या रुग्णालयात करावी लागली. त्यांच्यासारख्या विद्यार्थ्यांनी १९७० च्या सुमारास स्वतःसाठी जी सेवा उभी केली, तिच्यात मदतनिसांची यादी होती आणि व्हीलचेअर दुरुस्तीची सोय होती. तिच्यातूनच १९७२ मध्ये बर्कलीचं स्वतंत्र जीवन केंद्र उभं राहिलं. रॉबर्ट्सना स्वतःच्या हाताने शर्टाचं बटण लावता येत नव्हतं. पण बटण कोणी लावायचं, किती वाजता लावायचं आणि शर्ट कोणता घालायचा हे ते ठरवायचे. मी 'स्वतंत्र' म्हणतो ते या अर्थाने. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारातलं १९ वं कलम हेच सांगतं: कुठे राहायचं, कोणाबरोबर राहायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं, आणि त्यासाठी लागणारा वैयक्तिक मदतनीस हा हक्काचा भाग.

म्हणून माझं पहिलं आणि काहींना न पटणारं म्हणणं: शी-शू, आंघोळ, कपडे ही रोजची कामं शेजाऱ्यांच्या चांगुलपणावर ठेवू नका. ती पगारी माणसाने करायची. फुकट मदत करणाऱ्याला जाब विचारता येत नाही. तो वीस मिनिटं उशिरा आला, पाणी जास्त गरम झालं, फोनवर बोलत बोलत पाठ पुसली, तरी "थँक यू" म्हणावं लागतं. रोज सकाळी उपकाराखाली उठायचं असेल तर स्वतःच्या घरात राहूनही माणूस पाहुणाच राहतो. स्वीडनमध्ये १९९४ पासून वैयक्तिक मदतनिसाचा हक्क कायद्याने आहे: मदतीचे तास ठरतात, तासांप्रमाणे पैसे मिळतात आणि मदतनीस कोण हे ती व्यक्ती निवडते. असा कायदा नसेल तिथे आसपासच्या लोकांनी अंगमेहनत देण्यापेक्षा मिळून मदतनिसाच्या तासांचे पैसे उभे करावेत. ते जास्त उपयोगी पडतं आणि जास्त टिकतं.

मग शेजाऱ्यांनी करायचं काय? खरं तर खूप काही. पहिलं काम म्हणजे मदतनीस न येण्याची तयारी.

इथे एक चूक नेहमी होते. बदली माणसाला सगळं काम शिकवायला जातात. मानेच्या मणक्याला इजा झालेल्या व्यक्तीची पूर्ण सकाळ दोन-अडीच तासांची असते. ते सगळं ऐकून शेजारी घाबरतो आणि गळतो. त्याऐवजी 'किमान वीस मिनिटं' ठरवा: खरा मदतनीस येईपर्यंत जिवाला आणि कातडीला धोका होऊ नये, एवढंच काम. लघवीची पिशवी रिकामी करणं आणि नळी मुडपली नाही ना ते बघणं. कूस बदलून देणं. पाणी आणि ठरलेल्या वेळेचं औषध. फोन हाताशी किंवा तोंडाशी लावून देणं. बस्स. आंघोळ नाही, खुर्चीत बसवणं नाही.

या यादीतल्या प्रत्येक गोष्टीला कारण आहे आणि ते बदली माणसाला सांगायलाच हवं, म्हणजे तो "थोडं थांबूया" म्हणणार नाही. रात्रीची लघवीची पिशवी साधारण दोन लिटरची असते. ती तुडुंब भरली की लघवी मागे तुंबते. ज्यांना नळी कायमची नसते, दर चार ते सहा तासांनी घालून काढतात, त्यांच्या मूत्राशयात साधारण पाचशे मिलिलिटरच्या वर साठू द्यायचं नसतं. मदतनीस दोन तास उशिरा आला की हे गणित लगेच बिघडतं. नळी घालण्याचं काम मात्र शिकलेल्या माणसाचंच. म्हणून अशा व्यक्तीच्या बदली यादीत ते काम शिकलेले किमान दोघे हवेत. कुशीचंही तसंच. संवेदना नसलेल्या अंगावर पलंगात साधारण दर दोन तासांनी भार बदलावा लागतो. माकडहाडापाशी किंवा टाचेवर आलेली लाली दाबून फिकी होत नसेल, तर बेडसोरची, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात झालेली असते. ती दिसायला क्षुल्लक असते, पण तिच्यापायी महिनोन् महिने पालथं पडून राहावं लागू शकतं.

पाठीच्या कण्याची इजा टी-६ म्हणजे छातीच्या सहाव्या मणक्याच्या किंवा त्याच्या वरच्या पातळीला असेल तर आणखी एक गोष्ट गटातल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवी. मूत्राशय भरला, शौचाला कडक झालं, पट्टा रुतला, नख बोचलं, असं काहीही झालं की इजेच्या खालचं शरीर मेंदूला नीट कळवू शकत नाही आणि रक्तदाब एकदम उसळतो. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. डोकं ठणकायला लागतं, चेहरा लाल होतो, इजेच्या वर घाम फुटतो. अशा वेळी भल्या भावनेने माणसाला आडवं केलं जातं आणि तीच चूक महागात पडते. बसतं करायचं, शक्य असेल तर पाय खाली सोडायचे. पट्टा, मोजे, घट्ट कपडे सैल करायचे. मग नळी बघायची, कारण बहुतेक वेळा दोष मूत्राशयाचा असतो. पीळ काढून, पिशवी रिकामी करून काही मिनिटांत उतार पडला नाही तर रुग्णवाहिका. आणि दवाखान्यात सांगायचं की या व्यक्तीचा नेहमीचा वरचा रक्तदाब ९० ते ११० च्या दरम्यान असतो. नाही सांगितलं तर १४० बघून "ठीक आहे" म्हणतील, आणि ते ठीक नसतं. नेहमीच्यापेक्षा २० ते ४० ने वाढला तरी ती धोक्याची खूण आहे. हा आकडा कागदावर पहिल्या ओळीत लिहा.

आता साखळी. सातची वेळ असेल तर सव्वासातला मदतनिसाला फोन. साडेसातला पगारी बदलीला फोन. तो तासाभरात पोचणार नसेल तर किमान वीस मिनिटांसाठी शेजाऱ्याला. हे फोन ती व्यक्ती स्वतः करणार, आणि साखळी तुटते ती बहुधा इथेच: फोन रात्री पलंगाखाली पडलेला असतो किंवा चार्जिंग संपलेलं असतं. पलंगाला घट्ट बसवलेला स्टँड आणि तिथपर्यंत कायम पोचलेली वायर, हा दहा मिनिटांचा खटाटोप आहे. हात चालत नसतील तर फोन लॉक असताना नुसत्या आवाजावर कॉल लागतो का, हे आधी करून बघा. सेटिंग बदलल्याशिवाय बरेचदा लागत नाही. शिवाय रोज ठरलेल्या वेळेपर्यंत त्या व्यक्तीचा एक मेसेज गटावर यायचा. नाही आला तर दोनदा फोन, तरी उत्तर नाही तर चावी काढायची. वेळ कोणती, आत केव्हा यायचं, हे तिनेच लिहून द्यायचं. हे लिहिलेलं नसलं की दोनपैकी एक होतं: कोणीही केव्हाही दार उघडून आत येतं, किंवा "उगाच कशाला" म्हणून कोणीच येत नाही.

चाव्या दोन वेगवेगळ्या घरांत ठेवा. एकाच कुटुंबाकडे दोन्ही दिल्या तर ते गावाला गेले की दोन्ही जातात.

सराव म्हणजे खरोखर करून बघणं. महिन्यातून एकदा शेजाऱ्याने येऊन त्या व्यक्तीच्या सूचनांवर कूस बदलून द्यायची, पिशवीची तोटी उघडून बंद करायची. तोटी नीट बंद न करणं ही नवख्याची ठरलेली चूक आहे. सूचना कुटुंबीयाने द्यायच्या नाहीत, त्या व्यक्तीनेच द्यायच्या. बोलता येत नसेल तर पाटीवरच्या खुणांनी किंवा डोळ्यांनी, वेळ लागला तरी.

उचलाउचलीबद्दल थोडक्यात, पण ठामपणे. काखेत हात घालून कोणालाही ओढू नका. पक्षाघातानंतर खांद्याचे स्नायू ढिले पडलेले असतात आणि खांदा निखळू शकतो. पायरीवरून खुर्ची न्यायची तर हाताचे आणि पायाचे टेके धरायचे नाहीत. ते बऱ्याच खुर्च्यांना काढता-घालता येणारे असतात आणि ऐन वेळी हातात येतात. फक्त पक्की चौकट धरायची, आणि कुठे धरायचं ते बसलेल्या माणसाला विचारायचं. इलेक्ट्रिक खुर्ची उचलायचा विचारच करू नका, बॅटरीसकट ती शंभर किलोच्या पुढे जाऊ शकते.

रॅम्पचं गणित सगळे सांगतात, करत कोणी नाही. एकास बारा म्हणजे पंधरा सेंटिमीटरच्या एका पायरीला एक मीटर ऐंशीची लांबी. तीन पायऱ्यांना पाच मीटर चाळीस. जागा नाही म्हणून त्याच तीन पायऱ्यांवर दोन मीटरची फळी टाकली तर ती घसरगुंडी होते, आणि "रॅम्प केला होता की" हे वर ऐकावं लागतं.

ज्याला माणसाच्या अंगाला हात लावायचा संकोच वाटतो, त्याने खुर्चीची जबाबदारी घ्यावी. महिन्यातून अर्धा तास. मागच्या टायरमधली हवा नुसती ढकलायला सोपं जावं म्हणून भरायची नसते. बहुतेक साध्या खुर्च्यांचा ब्रेक टायरवरच दाबून बसतो. हवा कमी झाली की ब्रेक लावलेला दिसतो पण धरत नाही, खुर्ची मागे सरकते आणि पलंगावर जाता जाता माणूस जमिनीवर येतो. पुढच्या छोट्या चाकांच्या आसात केस आणि दोरे गुंडाळलेले असतात, खुर्ची जड जाण्याचं कारण अनेकदा तेवढंच असतं. चाक काढा, चिमट्याने ओढून काढा, परत बसवा. हवेची गादी असेल तर माणूस बसलेला असताना खाली हात घालून बघायचं: बसायचं हाड आणि तळ यांत साधारण एक ते अडीच सेंटिमीटर अंतर हवं. फार फुगवलेली गादीही वाईट, सगळा भार दोन हाडांवर येतो. योग्य मापाची एक ट्यूब घरात पडलेली असावी.

वीज जाण्याची तयारी कागदावर असते, प्रत्यक्षात नसते. ठरवून, सगळे हजर असताना, मेन स्विच बंद करून बघा. कफ ओढायचं यंत्र बॅटरीवर किती वेळ चालतं, पाळीपाळीने फुगणारी गादी किती वेळात बसते, हे घड्याळ लावून लिहा. श्वसनयंत्र असेल तर ते मात्र बंद करायचं नाही. त्याचा बॅटरी-सराव यंत्राच्या तंत्रज्ञासमोर, आणि हाताने दाबायची श्वासाची पिशवी पलंगाच्या उशाशी टांगलेली, कपाटात नाही.

सगळ्यांनाच अंगाची मदत लागते असं नाही. अंध व्यक्तीच्या घरात वस्तू जागच्या जागी ठेवणं हीच मोठी मदत. दार पूर्ण उघडं किंवा पूर्ण बंद, कारण अर्धवट उघड्या दाराची कड थेट कपाळावर बसते. चालताना तुम्ही तिचा हात धरायचा नाही, तिने तुमचं कोपर धरायचं, आणि निघताना "मी निघतो" असं सांगून निघायचं. बहिऱ्या व्यक्तीकडे दारावर दिव्याची घंटा आणि उशीखाली थरथरणारा अलार्म हवा. आगीचा भोंगा तिच्यासाठी नसतोच, म्हणून इमारतीत तिला उठवायला कोण जाणार ते नावानिशी ठरलेलं हवं.

बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीचं स्वतंत्र राहणं मात्र वेगळ्या जागी अडतं: तिच्या वतीने सगळे ठरवायला लागतात. कॅनडाच्या जुडिथ स्नो यांना बौद्धिक नव्हे, शारीरिक अपंगत्व होतं, पण त्यांच्याभोवती मित्रमंडळी जमली आणि त्यांना संस्थेबाहेर राहता यावं म्हणून झटली, तिथून मित्रवर्तुळाची कल्पना पसरली. ती इथे फार उपयोगी पडते. महिन्यातून एकदा बसायचं, बोलावणार ती व्यक्ती, विषयही तिचे. निर्णयाला वेळ द्यायचा: दोन-तीन पर्याय, चित्रं किंवा प्रत्यक्ष वस्तू दाखवून, आणि आज विचारलेलं दोन दिवसांनी पुन्हा विचारायचं, कारण पुष्कळजण समोरच्याला बरं वाटावं म्हणून "हो" म्हणतात. पैशाबाबत मी कठोर आहे. खातं तिच्याच नावावर, हिशोब बघणारे दोघे, आणि ते दोघे एका घरातले नकोत. वर्तुळातल्या कोणीही तिच्याकडून उसने घ्यायचे नाहीत, दहा मिनिटांसाठीसुद्धा नाही. फसवणारा बहुतेक वेळा मित्र म्हणूनच आलेला असतो.

शेवटी तो कागद. एकच पान, दाराच्या आतल्या बाजूला नको, येणाऱ्या-जाणाऱ्याला खासगी गोष्टी वाचायला मिळतात. पलंगाजवळच्या खणात ठेवा आणि एक प्रत चावीवाल्यांकडे. वर तारीख, तिच्याखाली पहिल्याच ओळीत नेहमीचा रक्तदाब, मग औषधं, ॲलर्जी, किमान वीस मिनिटांचा क्रम आणि फोनचा क्रम. मदतनीस बदलला, गटातला कोणी घर सोडून गेला, की त्याच दिवशी कागद नवा करायचा, आणि चावी आकड्याच्या कुलुपाच्या पेटीत ठेवत असाल तर तो आकडाही बदलायचा. जुन्या सगळ्या प्रती गोळा करून फाडायच्या. त्या दोन वेगळ्या तारखांच्या सापडल्या की बदली माणूस नेमकी चुकीची प्रत उचलतो.