स्विमिंग पूल, कानदुखी आणि शॉवरच्या सक्तीबद्दल

नमस्कार ताई, तुमचा रिव्ह्यू वाचला. मुलाचे डोळे लाल झाले, घरी गेल्यावर कान ठणकायला लागला, पूलला क्लोरीनचा भपकारा होता, पूलवरच्या पोराने शॉवरवरून हुज्जत घातली आणि शनिवारी संध्याकाळी पूलच बंद ठेवला, असं तुम्ही लिहिलंय. आधी सांगा, कान कसा आहे आता? कानाची पाळी ओढल्यावर कळ येत असेल तर कोमट खोबरेल वगैरे सोडत बसू नका, सरळ कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

पूलमध्ये इन्फेक्शन होतं का? होऊ शकतं. होतच नाही असं कुठला पूलवाला सांगत असेल तर त्याच्याकडे जाऊच नका. कानात पाणी साचून राहिलं की आतली कातडी मऊ पडते आणि जंतूंचं फावतं, मग ते पाणी पूलचं असो, समुद्राचं असो नाहीतर विहिरीचं, त्यामुळे पोहून झालं की डोकं कलतं करून पाणी काढायचं आणि कान कोरडा पुसायचा. क्लोरीन बरोबर असेल तर बहुतेक जंतू काही मिनिटांत मरतात पण जुलाब करणारा क्रिप्टो म्हणून एक परजीवी आहे, तो तसल्या पाण्यातही 7 दिवसांच्या वर तग धरतो, म्हणून पोट बिघडलेलं मूल आम्ही पाण्यात सोडतच नाही, आईवडील कितीही चिडू देत.

आता तो भपकारा. तो क्लोरीन जास्त झाल्याचा नसतो हो, बऱ्याच जणांचा हाच समज असतो. घाम, लघवी, अंगाला चोपडलेलं सनस्क्रीन हे क्लोरीनमध्ये मिसळलं की क्लोरामाइन तयार होतं, वास त्याचा, डोळे चुरचुरतात तेही त्यानेच, आणि जंतू मारायला ठेवलेलं क्लोरीन त्यातच खर्ची पडतं. मे महिन्यातला शनिवार, बीचवरून वाळूच्या पायांनी आणि घामाच्या अंगाने लोक थेट पूलमध्ये उड्या मारायला बघत होते, आमचा पोरगा तेच अडवत होता. आणि संध्याकाळी पूल बंद केला तो ज्यादा क्लोरीन मारायला. तुम्ही ज्या दोन गोष्टींवर चिडलात त्या मुलांसाठीच होत्या ताई.

आमचा पूल उघड्यावर, उन्हाने क्लोरीन उडून जातं, म्हणून सकाळ-संध्याकाळ तर तपासतोच पण सीझनला भर दुपारी पण बघतो. नळीत पाणी घ्यायचं, तपासणीची गोळी टाकायची, गुलाबी रंग चढला की पट्टीवरच्या रंगाशी लावून बघायचा. क्लोरीन 1 पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भाग पाण्यात एक भाग) खाली गेलं, पीएच (पाणी किती आंबट-खारं ते सांगणारा आकडा) 7.8 च्या वर चढला किंवा तळाची जाळी स्पष्ट दिसेना की सगळ्यांना बाहेर काढतो, मग कोणी कितीही पैसे भरलेले असोत.

शॉवरची सक्ती मात्र राहणार. पोरगा चढ्या आवाजात बोलला असेल तर त्याला मी समजावेन, पण अडवू नको असं नाही सांगणार. रीडिंगची वही रिसेप्शनला टांगलेली असते, पुढच्या वेळी आलात की मागून घ्या आणि पाणी तपासताना मुलालाही पाठवा, नळी त्याच्याच हातात देतो.